भिंतीपलीकडचा ज्येष्ठमध

आधीच सांगून टाकलेलं बरं, भिंत पडली. दोन सख्ख्या भावांच्या अंगणांमधली, कच्च्या विटांची, पुरुषभर उंचीची भिंत. दोन्हीकडची खोदणारी माणसं चहाला उठली असताना ती जरा पुढे झुकली, मग विचार बदलल्यासारखी मागे आली आणि उभ्या जागी खाली बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एक कोंबडी मात्र त्या दिवसापासून सावकाश चालते.

पण दोन्ही घरांत कुणालाही विचारा, भिंत पडलेली नाही. असं त्यांचं एकमतानं ठरलं आहे. वाटणी झाल्यापासून या दोन घरांत झालेलं हे एकमेव एकमत, त्यामुळे त्याचा मान राखलाच पाहिजे. तेव्हा भिंत उभी आहे असं धरून चालू.

थोरला भाऊ बाजारात कांद्याचा लिलाव पुकारायचा. त्याला सगळे पुकाऱ्याच म्हणत, आणि त्याचा आवाज नावाला शोभेल असा होता. घरात तो "मीठ दे" म्हणाला की शेजारची दोन घरं मीठ शोधायला लागायची. धाकटा त्याच बाजारात काट्यावर, मापाडी. एकानं भाव बोलायचा, दुसऱ्यानं वजन बोलायचं. बाजाराचा नियमच तसा होता. पुकाऱ्यानं काट्याला हात लावायचा नाही आणि मापाड्यानं भाव तोंडातून काढायचा नाही, म्हणजे दोघांनी मिळून कुणाला फसवायला नको. या दोघांच्या बाबतीत नियमाची गरज नव्हती. ते एकमेकांशी बोलतच नव्हते.

भांडण शिडीवरून झालं. वाटणीत खोल्या वाटल्या, भांडी वाटली, अंगण वाटलं, शिडी एकच निघाली. माळ्यावर चढायची लांब लाकडी शिडी. "तू घे," म्हणायला दोघंही तयार होते, पण दुसऱ्यानं आधी "तू घे" म्हणावं अशी दोघांची अट होती. शेवटी करवत आणून ती मधोमध कापली. तेव्हापासून दोन्ही घरांत एकेक आखूड शिडी आहे आणि दोन्ही घरांतला माळा कुणी पाहिलेला नाही. त्या शिड्या एकाच कामाला उपयोगी पडतात. भिंतीला लावल्या की पलीकडचं बरोबर दिसतं.

त्या वर्षी पाऊस आला नाही. आभाळ यायचं, बघायचं आणि जायचं. कांदा गोट्यांएवढा निघाला आणि बाजारात कांद्यापेक्षा फोलपटं जास्त. वारा सुटला की ती फोलपटं, वाळलेली माती आणि पोत्यांचा भुसा असं सगळं मिळून पुकाऱ्याच्या तोंडात जायचं, कारण बाजारात सगळ्यात मोठं उघडं तोंड त्याचंच होतं. एका सकाळी भाव चढत असताना आवाज आकड्याच्या मधेच सुटला. आकडा अर्धा बाहेर, अर्धा आत. ढिगाचा मालक त्याच्या तोंडात असा बघत राहिला, जसं आटलेल्या विहिरीत बघतात.

डॉक्टर म्हणाले, "बोलू नका."

"बोलणं हेच काम आहे," पुकाऱ्याची बायको म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणत, वयानं मोठेसुद्धा. नवरा शेजारी बसून मान हलवत होता.

"मग हळू बोला."

त्यामुळे त्या हंगामात कांद्याचा लिलाव कुजबुजत झाला. माल कमी, गिऱ्हाईक कमी, सगळे पुकाऱ्याभोवती डोकी जोडून उभे राहायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुणाची तरी चुगली चाललीय.

वहिनीनं काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध आणला. पुकाऱ्यानं आठवडाभर चघळला. जीभ सोलली, पण गोडी काही लागेना. मग पोरीनं एक काडी चावून बघितली. त्यांची पोरगी कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायची, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. दिवसभर सरकारी भाषा लिहून घरीही तीच बोलायची.

"सदर काडी," ती म्हणाली, "खराट्याची असल्याचं निदर्शनास येतं."

वहिनी उरलेल्या काड्या घेऊन दुकानात गेली. काष्ठौषधीवाला म्हातारा, डोळ्यांवर दोन चष्मे, एक जवळचा, एक लांबचा. त्यानं काडी एका चष्म्यातून बघितली, मग दुसऱ्यातून.

"ही माझ्याकडचीच," तो म्हणाला.

"मग पैसे परत द्या."

"पैसे परत द्यायला ती ज्येष्ठमध आहे असं मी कुठं म्हटलं? तुम्ही म्हणालात ज्येष्ठमध द्या, मी काडी दिली."

"आणि खरा?"

"खरा येतो थोडा. तो मलाच पुरत नाही." त्यानं गालातली मुळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला केली. "घरी लावा. बी देतो."

"किती दिवसांत येईल?"

"तिसऱ्या वर्षी खणायचा."

"अहो, घसा आज बसलाय."

"तिसऱ्या वर्षीही बसलेलाच असेल," म्हातारा म्हणाला. एवढी खात्री डॉक्टरनंही दिली नव्हती. वहिनीनं बी घेतलं. निघताना त्यानं मागून हाक मारून सांगितलं, "पाणी जपून. मुळीला तहान लागू द्या. तहानली की खोल जाते."

वहिनीनं हे वाक्य पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं. पुढचं सगळं त्या वाक्यामुळे झालं.

ज्येष्ठमधाचं बी मसुरीपेक्षा लहान आणि दगडापेक्षा हट्टी. नुसतं पेरलं तर मातीत तसंच पडून राहतं, वर्षानुवर्षं, कुणाचं काही देणं लागत नसल्यासारखं. त्याची साल आधी घासावी लागते. वहिनीनं सुताराकडून पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणले. एकावर बी पसरायचं, दुसरा वर ठेवायचा आणि तळहातानं गोल गोल फिरवायचं. जोर जास्त झाला तर बी फुटतं, कमी झाला तर त्याला काही वाटत नाही. संध्याकाळी तिच्या तळहाताची कातडी बियापेक्षा जास्त घासली गेलेली असायची. मग कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी जे फुगलं ते पेरायचं, जे नाही फुगलं ते पुन्हा पॉलिश पेपरखाली.

"हे आपल्या भावजींसारखं आहे," वहिनी एक न फुगलेलं बी उचलून म्हणाली. "कितीही घासा."

पुकाऱ्या हसला. हसताना आवाज यायचा नाही, खांदे हलायचे.

तेलाच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली, वाळू आणि माती चाळून भरली, बी बोटाच्या पेराएवढं खोल टोचलं. बोलायची बंदी असल्यामुळे पुकाऱ्या डब्यांशेजारी पाट टाकून बसायचा. बाजारात पोत्यांवर उभं राहून शेकडो माणसांना हलवणारा माणूस, आता एका डब्याकडे बघत बसला होता की हा कधी हलतो. पहिलं रोप वर आलं तेव्हा त्यानं वहिनीला हाक मारली. आवाज फुटला नाही, म्हणून ताटली आपटली. ती पोळल्यासारखी धावत आली. एक हिरवा ठिपका होता, मुंगीनं ओढून नेण्याएवढा.

"एवढ्यासाठी ताटली?" वहिनी म्हणाली. पण मग तीही पाटाच्या अर्ध्या भागावर बसली.

रोपं वीतभर झाल्यावर ती जमिनीत लावायची होती. अंगणात सगळीकडे खडक, कुदळ मारली की ठिणगी. भिंतीच्या कडेला तेवढी माती भुसभुशीत होती, कारण भिंतीचा पाया खणून पुन्हा भरताना दोघा भावांनी घाई केली होती, आधी कोण हात धुतो म्हणून. तिथं सावलीही होती. रोपं भिंतीलगत ओळीनं लागली.

भिंतीच्या पलीकडे, बरोबर त्याच जागी, धाकटीचा कपडे धुवायचा दगड होता.

धाकटी म्हणजे मापाड्याची बायको. दोन्ही जावांचं बोलणं बंद होतं, ऐकणं बंद नव्हतं. त्या एकमेकींशी बोलायच्या नाहीत, आपापल्या कोंबड्यांशी बोलायच्या.

"खा बाई," धाकटी पलीकडून कोंबडीला म्हणायची, "काही लोकांकडे माणसांना पाणी नाही आणि गवताला घालतात."

"इकडे ये गं," वहिनी आपल्या कोंबडीला बोलवायची, "गवत आणि औषध यातला फरक कळायला पण अक्कल लागते, तुला आहे तेवढी तरी."

कोंबड्यांना यातलं काही पटत होतं असं नाही. पण दुष्काळात दोन्ही घरांत निवांत ऐकून घेणाऱ्या त्याच होत्या.

वहिनी पाणी खरंच मोजून घालायची. नळ दिवसाआड, तोही करंगळीएवढा. पण पाणी होतं त्या दिवशीही ती रोपाला अर्धाच तांब्या द्यायची. रोपं माना टाकायची. पुकाऱ्या डोळ्यांनी विनवायचा.

"नाही," ती म्हणायची. "तहान लागली पाहिजे. खोल गेलं पाहिजे."

थंडी पडली तशी पानं पिवळी झाली, गळाली आणि ओळीनं काटक्या उभ्या राहिल्या. हे झाड थंडीत असंच झोपतं, हे म्हाताऱ्यानं सांगितलं नव्हतं. पुकाऱ्या काटक्यांसमोर उभा राहिला. घरात माणूस गेल्यावर बसतात तसा बसला. तो दिवसभरात एकच शब्द बोलला, तोही खरखरत. "गेलं."

वहिनीनं काटक्या उपटल्या नाहीत. "असू दे," ती म्हणाली. "काटक्या काय खायला मागतात?" अर्धा तांब्या पाणी मात्र चालू ठेवलं. न जाणो, तहान लागलेली असायची.

ऊन तापू लागलं तसे काटक्यांच्या बुडातून कोंब आले. त्या दिवशी वहिनीच्या कोंबडीला दाणे जरा जास्त पडले.

दुसऱ्या वर्षी बाजारानं भोंगा बसवला. पुकाऱ्याच्या हातात माइक दिला. आवाज मोठा झाला नाही, खरखर मोठी झाली. पत्र्याच्या छपराखाली कुणी वाळू ओतत असल्यासारखं ऐकू यायचं. मागच्या रांगेतले व्यापारी भाव विचारायचे, "काय म्हणाला?"

मग काट्याकडून आवाज यायचा. "एकोणीस!"

मापाडी तोंड फिरवून, काट्याचा दांडा फडक्यानं पुसत ओरडायचा. काटा रिकामा असायचा.

बाजाराचे सभापती एकदा तिथं येऊन उभे राहिले. "अरे, काट्यावर काही नाही. एकोणीस काय?"

"वारा मोजतोय साहेब," मापाडी म्हणाला. "काटा बरोबर आहे का बघायला."

"वारा एकोणीस भरला?"

"आज जरा जोरात आहे."

सभापती गेले. पुकाऱ्यानं भावाकडे बघितलं नाही. पण पुढचा आकडा बोलल्यावर जरा थांबला. काट्याकडून आकडा परत आला. मग पुढचा बोलला. असं वर्षभर चाललं. दोन भाऊ एकमेकांशी एक अक्षर न बोलता दिवसभर एकच लिलाव पुकारत होते. नियम मोडत होता तो एकटा मापाडी. पकडला गेला असता तर काटा हातातून गेला असता. घरी त्यानं याबद्दल कुणाला सांगितलं नाही. धाकटीला कळलं ते त्याच्या घशावरून. तोही रात्री गुळण्या करायला लागला होता.

त्याच सुमारास धाकटीच्या धुण्याच्या दगडापाशी एक कोंब वर आला.

तिनं आधी तो गवत म्हणून उपटायला हात घातला, मग थांबली. संध्याकाळ होत होती आणि कोंबाची बारीक पानं हात जोडल्यासारखी मिटत होती. तिनं अर्धी शिडी भिंतीला लावली, दोन पायऱ्या चढून पलीकडे बघितलं. तिकडे ओळीनं सगळी पानं तशीच मिटत होती. तिकडची मरतुकडी, गुडघ्याएवढी. इकडचा कोंब एकटाच, पण गुबगुबीत.

"अहो," ती रात्री नवऱ्याला म्हणाली, "त्यांचं आपल्याकडे आलंय."

"काय?"

"ज्येष्ठमध. भिंतीखालून."

मापाड्यानं ते मनात तोलून बघितलं. वजनाचा माणूस, लगेच बोलायची सवय नाही. "उपटू नकोस."

"मी कुठं म्हटलं उपटते?"

"पाणीही घालू नकोस. उद्या म्हणतील, आमचं झाड फितवलं."

"मी कुठं पाणी घालते? मी कपडे धुते."

त्या वर्षी मापाड्याचे शर्ट बाजारात सगळ्यात स्वच्छ होते. धाकटी नळ आला की धुवायची, नळ नाही आला की साठवणीतल्या पाण्यात खंगाळायची, एकदा तर आधीच वाळत घातलेली चादर काढून परत धुतली. दगडावरचं पाणी सरळ कोंबाच्या बुडाशी. एकाचे दोन कोंब झाले, दोनाचा पुंजका. कोंबडी टोचू नये म्हणून तिनं त्यावर मोडकी टोपली उपडी घातली, आणि कुणी विचारलं तर सांगायला म्हणून टोपलीवर एक दगड ठेवला. काय सांगायचं ते मात्र ठरवलं नाही, कारण विचारणारं कुणी नव्हतं.

भिंतीअलीकडे वहिनीला फक्त पाणी ओतल्याचा आवाज यायचा.

"बघ गं," ती कोंबडीला म्हणाली, "काही लोकांना दुष्काळ कळत नाही. अंगावरचे कपडे फाटतील धुऊन धुऊन."

पलीकडे काही उत्तर आलं नाही. एरवी कोंबडीमार्फत उत्तर यायचंच. वहिनीला ते जरा चुकल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वर्षी पाऊस नीट झाला. कांदा मुठीएवढा धरला आणि सभापतींनी पुकाऱ्याला बोलावलं.

"यंदा माल तिप्पट येणार. गर्दी होणार. कुजबुजून भागायचं नाही."

पुकाऱ्यानं मान हलवली.

"हंगामाच्या पहिल्या लिलावाला मी स्वतः येतो. घसा ऐकतो. चालला तर तुम्ही, नाही तर दुसरा माणूस बघतो. माझं काही वैर नाही."

पुकाऱ्या घरी येऊन भिंतीलगत बसला. बायकोला त्यानं सगळं सांगितलं, हळू, तुटक. त्याला दुसरं काही काम येत नव्हतं. पोती उचलायचं वय गेलं होतं. हिशेब येत नव्हता. तो आयुष्यभर फक्त मोठ्यानं बोलला होता.

"मग खणूया," वहिनी म्हणाली. "तिसरं वर्ष आहे. पानंही गळालीत."

झाडांपासून हातभर अंतरावर चर खणायचा, म्हणजे मुळ्या तुटत नाहीत. पुकाऱ्यानं कुदळ मारली, वहिनीनं घमेल्यानं माती काढली, पोरगी टाइपरायटर झाकून मदतीला आली. गुडघाभर खणलं. मुळ्या लागल्या. पेन्सिलीएवढ्या. काही तर नुसता दोरा. वहिनी खाली वाकून बोटांनी माती उकरत राहिली. तीन वर्षं अर्धा अर्धा तांब्या घातला होता, त्याचं हे.

"आई," पोरगी म्हणाली, "सदर मुळ्या खाली गेलेल्या नाहीत."

"मग?"

"बाजूला गेल्यात. सगळ्या. भिंतीकडे."

खरंच, एकूण एक मूळ जमिनीखाली काटकोनात वळलं होतं, रांग सोडून दुसऱ्या खिडकीवर जाणाऱ्या माणसांसारखं. वळल्यावर जाड होत गेलं होतं. भिंतीजवळ अंगठ्याएवढं. वहिनीनं एक सोलून जिभेला लावलं. आत पिवळं, आणि गोड. तिनं तुकडा नवऱ्याच्या तोंडात दिला. त्यानं डोळे मिटले.

"अजून आत आहे," ती म्हणाली. "भिंतीखाली."

पलीकडे धाकटी दगडापाशी बसून कुदळीचे घाव ऐकत होती. प्रत्येक घाव तिच्या पायाखाली येत होता.

"अहो, ते भिंत खणतायत."

मापाडी आला, जमिनीला कान लावला, उठून कुदळ घेतली. "आपल्या बाजूनं बघतो कुठवर आलेत ते." आणि टोपली बाजूला ठेवून त्यानंही खणायला सुरुवात केली. त्याच्या बाजूला मुळ्या मनगटाएवढ्या निघाल्या. तो मूळ सोडवत सोडवत भिंतीखाली शिरला. इकडून थोरला सोडवत सोडवत शिरला. दोघं पालथे पडून, खांद्यापर्यंत हात आत घालून खुरप्यानं माती ओढत होते. मग भिंतीखाली लोखंडावर लोखंड वाजलं.

दोघं थांबले.

थोरल्यानं खुरपं पुन्हा हळूच वाजवलं. पलीकडून एकदा वाजलं. बरं मग, अशा अर्थाचं.

"चहा घेऊन परत बघू," पुकाऱ्या खरखरत म्हणाला. त्यानं ते बायकोला सांगितलं की कुणाला हे नक्की सांगता येत नाही. पलीकडून मापाडीही धाकटीला म्हणाला, "चहा टाक." दोघंही उठून घरात गेले.

त्यानंतर जे झालं ते झालेलं नाही.

धूळ बसल्यावर विटांच्या ढिगाच्या एका बाजूला पुकाऱ्या, वहिनी, पोरगी कप घेऊन उभे होते आणि दुसऱ्या बाजूला मापाडी, धाकटी कप घेऊन उभे होते. कोंबड्या मधे. धाकटीचं सगळं अंगण दिसत होतं. टोपली, टोपलीजवळचा दगड, धुण्याच्या दगडाखालची ओली जमीन आणि दोरीवर वाळणारे तेच ते शर्ट. वहिनी त्या ओल्या जमिनीकडे बघत राहिली. तिला काय काय कळलं ते तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक येऊन गेलं.

"लागलं का कुणाला?" मापाडी विटांकडे बघत म्हणाला.

"नाही," पुकाऱ्या विटांकडे बघत म्हणाला.

मग सगळे आपापल्या घरात गेले आणि दारं लावून घेतली, कारण भिंत असताना एकमेकांच्या अंगणात टक लावून बघणं बरं दिसत नाही.

दुपारी वहिनीच्या पुढच्या दाराची कडी वाजली. धाकटी उभी होती, डोक्यावर टोपली. आपल्या दारातून बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून, पाणवठ्यापाशी दोन बायकांना "जरा जाऊबाईंकडे" असं सांगून ती आली होती. मागच्या बाजूनं दोन विटा ओलांडल्या असत्या तर झालं असतं.

"मागचं दार उघडंच होतं," वहिनी म्हणाली.

"मला कसं दिसणार? मधे भिंत आहे."

"तेही खरंच."

धाकटीनं टोपली खाली ठेवली. मुळ्या धुऊन, पुसून, काड्या तोडून आणल्या होत्या. "तुमच्या."

"तुमच्या अंगणात निघाल्या. तुमच्या."

"बी तुम्ही घासलं. मी शिडीवरून बघत होते. तुमच्या."

"पाणी?"

"मी कुठं पाणी घातलं? मी कपडे धुते."

वहिनीनं तिचे हात बघितले. बोटं पाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली. स्वतःचे तळहात पदराखाली घेतले.

"अर्ध्या ठेव," ती म्हणाली. "भावजींचाही घसा बसलाय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"काल रात्री खोकत होते. ऐकू येतं. भिंत पातळ आहे."

मुळ्या सावलीत वाळवायच्या होत्या, खालून वारा लागेल अशा. दोन्ही घरांनी आपापली अर्धी शिडी आडवी टाकून तिच्या पायऱ्यांवर त्या पसरल्या. शिड्या आपापल्या अंगणात, आपापल्या हद्दीत होत्या. पण वारा येण्याच्या दृष्टीनं जागा एकच बरी होती, त्यामुळे एकीचं टोक दुसरीला लागलं होतं. लांबून बघणाऱ्याला एकच वाटली असती. लांबून बघायला कुणी आलं नाही.

पहिल्या लिलावाच्या सकाळी पुकाऱ्या दोन्ही गालांत मुळी धरून पोत्यांवर चढला. बाजार फुलला होता. कांद्याचे ढीग छपराबाहेर गेले होते, माणसं गाड्यांवर उभी होती. सभापती खुर्ची टाकून समोर बसले. पोरगी आणि दोघी जावा फाटकापाशी उभ्या, मधे एका माणसाची जागा सोडून. भिंतीएवढी.

पुकाऱ्यानं माइक बाजूला ठेवला.

पहिला ढीग त्यानं पुकारला आणि छपरावरची कबुतरं उडाली. जुनाच आवाज होता, जरा धुरकट, पण जागच्या जागी. आकडा शेवटच्या गाडीपर्यंत गेला आणि तिथून भाव परत आला. वहिनीनं धाकटीचा दंड धरला. मग सोडला. मग पुन्हा धरला.

दुसरा ढीगही गेला.

तिसऱ्याला भाव चढत असताना आवाज आकड्याच्या मधेच सुटला. ज्या जागी तीन वर्षांपूर्वी सुटला होता त्याच जागी. पुकाऱ्यानं तोंड उघडलं, बंद केलं, मुळी एका गालातून दुसऱ्यात नेली, पुन्हा उघडलं. मानेच्या शिरा दोरासारख्या उभ्या राहिल्या. काही आलं नाही. बाजार थांबला. सभापतींनी पायावरचा पाय खाली घेतला.

मापाडी काट्यापाशी होता. या खेपेला त्यानं वारा मोजला नाही. फडकं दांड्यावर टाकलं, काटा सोडला, सगळ्यांच्या देखत चालत आला आणि भावाशेजारी पोत्यावर चढला. थोरल्यानं ओठ हलवले. धाकट्यानं ते बघितलं आणि आकडा पुकारला. आवाज वेगळा नव्हता. एकाच घरातला होता, जरा कमी वापरलेला.

ढीग गेला. पुढचा गेला. थोरला बोटानं माणूस दाखवायचा, ओठांनी भाव सांगायचा, कुठल्या व्यापाऱ्याला अजून थोडं ताणायचं ते भुवईनं सांगायचा. धाकटा फक्त घसा होता. दुपारपर्यंत छपराखालचा सगळा कांदा गेला. मधे एकदा थोरल्यानं खिशातली मुळी काढून धाकट्याला दिली. त्यानं न बघता तोंडात टाकली.

"हे काय आहे?" सभापती म्हणाले.

एकाला आवाज नव्हता आणि दुसऱ्याला भाव बोलायची परवानगी नव्हती, बाकी काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

"मापाड्यानं भाव बोलायचा नाही. नियम आहे. आणि पुकाऱ्यानं पुकारायचं. तोही नियम आहे. दोन्ही एकदम मोडले." ते खुर्चीतून उठले. ओरडले नाहीत. विकल्या गेलेल्या ढिगांकडे बघून ते जरा अडखळलेही. "मी तोंडी काही ऐकणार नाही. काय असेल ते लेखी द्या. समितीपुढे ठेवतो."

समितीपुढे ठेवलेल्याचं पुढे काय होतं ते सगळ्या बाजाराला माहीत होतं. समितीच्या खोलीत एक कपाट आहे आणि ते भरलं की दुसरं येतं.

तरी संध्याकाळी पोरीनं अंगणात टाइपरायटर काढला. टेबल विटांच्या ढिगावर नीट बसत होतं, म्हणून तिथंच ठेवलं. थोरला एका बाजूला बसला, धाकटा दुसऱ्या बाजूला, जावा आपापल्या उंबऱ्यात. पोरगी एकेक ओळ वाचून दाखवायची. थोरला मान हलवायचा, धाकटा "असू दे" म्हणायचा. भिंतीचा उल्लेख कसा करायचा यावर जरा चर्चा झाली. अर्ज असा झाला :

मा. सभापती, बाजार समिती, यांस.

विषय : आवाज कायम ठेवण्याबाबत.

महोदय,

अर्जदार क्रमांक एक हे लिलाव पुकारण्याचे व अर्जदार क्रमांक दोन हे वजन करण्याचे काम आपल्या बाजारात करतात. ते सख्खे भाऊ असून विभक्त राहतात. मधे भिंत आहे व ती उभी आहे.

अर्जदार क्रमांक एक यांचा आवाज गेला असल्याचे आपले म्हणणे आहे. त्याबाबत नम्रपणे कळविण्यात येते की, सदर आवाज गेलेला नाही. दुष्काळात पाण्याच्या ओढीने तो भिंतीखालून अर्जदार क्रमांक दोन यांच्या बाजूला सरकला व तेथे वाढला. त्या बाजूस त्याची काळजी घेण्यात आली, मात्र तशी कबुली देण्यास संबंधित तयार नाहीत. पेरणाऱ्याचा की पाणी घालणाऱ्याचा, याचा निर्णय दोन्ही घरांत होऊ शकलेला नाही व यापुढे होईल असे दिसत नाही.

मापाड्याने भाव उच्चारू नये, हा नियम अर्जदारांस मान्य आहे. तथापि एकाचा भाव दुसऱ्याच्या तोंडून आल्यास तो कोणी उच्चारला असे धरावे, याबाबत नियमांत काही म्हटलेले नाही.

तरी, वरील परिस्थितीचा सहानुभूतीने विचार होऊन, भिंतीस कोणतीही बाधा न आणता, दोघा भावांस मिळून एक घसा मंजूर करण्यात यावा, ही विनंती.